दादाची बोटं आणि लाल शिकंजा

नरम लोखंडाला लाल रंग फासून हत्यार म्हणून विकणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी, याचा मी आजवर इतका विचार केला आहे की तेवढ्यात दुसरा कोणी वकील झाला असता. उकळत्या तेलात टाकणं मला फार मवाळ वाटतं. माझं म्हणणं असं की त्याला त्याच्याच दुकानातलं हत्यार द्यावं, मोटारीची स्प्रिंग दाबायला बसवावं, आणि आपण वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर उभं राहून बघावं.

गोष्ट साठ सालानंतरची. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, बालाघाटला डॉक्टर होता. त्याची बोटं लांब आणि शांत. गावातली निम्मी बाळं त्या बोटांत जन्मली आणि उरलेल्या निम्म्यांच्या फुटलेल्या कपाळांना त्याच बोटांनी टाके घातले. अशा माणसाने सुट्टीच्या दिवशी निवांत पेपर वाचावा. पण नाही. दादाकडे एक छोटी मोटार होती, आणि तिला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्याला खपत नसे.

आमच्या जिल्ह्यात तेव्हा बैहरच्या जीपा, वारासिवनीच्या बसा, मँगनीजचे ट्रक, सगळं कमानींवर चालायचं. एकावर एक बांधलेल्या लोखंडी पट्ट्या. तुटली एखादी तर कोणताही लोहार जोडून द्यायचा. दादाच्या मोटारीला मात्र पुढच्या चाकांवर वेटोळ्यांच्या स्प्रिंगा. ही स्प्रिंग दाबूनच बसवलेली असते. काढायची म्हटली तरी दाबून धरावी लागते, घालायची म्हटली तरी दाबून धरावी लागते, आणि मध्येच सुटली तर समोर जे असेल ते घेऊन जाते. हात असो, जबडा असो, जावई असो.

दादाच्या मोटारीची एक स्प्रिंग खचली होती. गाडी एका अंगाने तिरकी चालायची, जणू कायम कोणाच्या तरी कानात काही सांगते आहे. तेव्हा बालाघाटी उपाय झाला. मोहल्ल्यातली तीन सगळ्यात वजनदार माणसं मडगार्डवर बसवायची, त्यांच्या भाराने स्प्रिंग दबली की वेटोळी तारेने घट्ट बांधायची, माणसं उतरवायची आणि गाडी जॅकवर घ्यायची. कापडाचे एक व्यापारी आले, एक हेडमास्तर आले, आणि आमच्या मावशी पानाच्या डब्यासकट चढून बसल्या. स्प्रिंग दबली, बांधली, मंडळी उतरली, चहा प्यायली. दादाने स्प्रिंग खालून मोकळी केली आणि तार तुटली.

मी लोकांना सांगत आलो की ती स्प्रिंग दादाच्या शेडच्या छपरावरची कवेलू फोडून वैनगंगेत पडली आणि मासे वर आले. खरं म्हणजे ती शेजाऱ्याच्या वालाच्या मांडवात पडली. पण जाताना दादाच्या कानापासून वीतभरावरून गेली, हे मी पाहिलं. दादाने कान चोळला आणि म्हणाला, "आता हत्यार आणावं लागते."

आणलं. नागपूरला गेला, नवी स्प्रिंग घेतली आणि सोबत लाल रंगाचा शिकंजा. आटे पाडलेल्या दोन सळया, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना आकडा. आकडे वेटोळ्यांत अडकवायचे आणि पान्याने नट आवळत जायचं, की सळई स्प्रिंगला दाबत नेते. दिसायला असा झकास की दिवाळीला दारावर टांगावा. मी तो हातात घेतला आणि माझं डोकं फिरलं.

"दादा, हा आकडा नरम आहे. कानशीनं घासून पाह्यलं मी. लोण्यावानी निघून राह्यला."

"माह्या हत्याराले कानस काहून लावली तू?"

"अन् पिन नाही याले. आकडा वेटोळ्यावरून सरकला त अडवन कोण?"

"तुह्या वैनगंगेतल्या माशाइले अडव म्हणशील," दादा म्हणाला. शेडच्या दाराशी बसलेले दोन पेशंट खो खो हसले. एकाला ताप होता, तोही हसला.

असा राग आला की सांगता सोय नाही. त्या हसणाऱ्यांचा आला, दादाचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. वर्षानुवर्षं मी या गावाला वाघ, भुतं आणि दहा फुटी मासे फुकट पुरवले. आता एकदाच खरं सांगायचं होतं, तर माझ्या तोंडाला गिऱ्हाईक नाही! रविवारी सकाळी दादा तो शिकंजा लावणार होता, आणि स्प्रिंग दाबताना त्याची बोटं कुठे असणार हे मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी वहिनी मागच्या दारात आली. माझी ही भावजय कमी बोलणारी बाई.

"भाऊजी, एक डाव खरं सांगा. धोका आहे का?"

"वहिनी, एक सूतभर वाढवून नाही सांगत. तो आकडा उघडते."

"म्हणजे किती धोका? तुमच्या हिशेबात सांगू नका, माणसाच्या हिशेबात सांगा."

"बोटं जातीन."

ती आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कापडी पिशवी होती. वरती वांगी, खाली शिकंजा. "मी काही पाह्यलं नाही," म्हणाली, आणि अंगण झाडायला लागली.

मी वारासिवनीच्या एका राइस मिलमध्ये कामाला होतो. आलेलं धान उतरवून घ्यायचं, पोती मोजायची. पिशवी घेऊन मी बसने तिथेच गेलो. तिथला मिस्त्री म्हणजे लोखंडाचा वैद्य. त्याने आकडा उलटासुलटा केला, नखाने रंग खरवडला आणि तोंड वाकडं केलं.

"पट्टी गरम करून वाकवली हाय नुसती. किती वजन येईन याच्यावर?"

मी मडगार्डवरच्या तिघांचं वर्णन केलं. मावशींना थोडं वाढवून सांगितलं.

"त्यात पाव गाडी धर. दोन सळयात वाट. मंग दुप्पट कर. जीवाचा सवाल हाय," मिस्त्री म्हणाला. "एका सळईनं सहा पोते त उचललेच पायजे."

मिलमध्ये धान तोलायचा मोठा काटा होता. त्याचं लाकडी पारडं आम्ही सोडवलं. तुळईच्या साखळीत शिकंज्याचा वरचा आकडा अडकवला, खालच्या आकड्यात पारडं. जमिनीपासून पारडं जेमतेम वीतभर वर. हमालांनी पहिलं पोतं ठेवलं, काही नाही. दुसरं ठेवलं, काही नाही. पेलतो की काय हा हरामखोर! दादाची बोटं वाचावीत म्हणून मी आलो होतो, आणि तिथे उभा राहून आकडा उघडावा म्हणून नवस बोलत होतो.

तिसरं पोतं ठेवलं तेवढ्यात फाटकातून दादा आत आला. पुढच्याच बसने आला होता. वहिनीने काही पाहिलं नव्हतं, पण विचारल्यावर तिला खोटं बोलता आलं नसावं.

"उतरव ते! चोट्टा कुठचा! माह्यं हत्यार आहे ते!"

"चौथं ठेवा," मी हमालांना म्हणालो.

"मिस्त्री, तुम्हाले तरी समजाले पायजे! स्प्रिंग दाबाचं हत्यार आहे हे, धान टांगाचं नाही."

"लोखंडाले का समजते साहेब," मिस्त्री शांतपणे म्हणाला, "खाली धान हाय का स्प्रिंग हाय? अन् तुमी जरा इकडं सरका. त्याच्यासमोर नका उभे राहू."

चौथं पोतं ठेवलं. आकडा मोडला नाही, आवाज झाला नाही. झोपेतला माणूस मूठ सोडतो तसा हळूच उलगडला, आणि पारडं धाडकन खाली. एक पोतं उसवून धान दादाच्या बुटांपर्यंत आलं. सळई साखळीला झोके घेत राहिली. खालचा आकडा सरळ झाला होता, इतका सरळ की त्याने शेगडीतला निखारा ढोसता आला असता.

दादाने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले. बराच वेळ काढले नाहीत.

मग म्हणाला, "तोडलं तू."

"हौ, तोडलं!" मी इतका ओरडलो की मिलचा मालक गादीवरून उठून आला. "उद्या हा तुह्या हातात उघडला असता त बरं झालं असतं का? लोकाइले टाके घालतं ना तू? तुले कोणं घातले असते? मी? मले त बटनही लावता येत नाही!"

दादाने बुटांवरचं धान झटकलं. मिस्त्री धान गोळा करायला लागला.

माझा राग अजून उतरला नव्हता, म्हणून मी तो मिस्त्रीवर काढला. म्हणालो, तूच ठोकून दे एक, तुझ्यासारखा लोखंडाचा जाणता जिल्ह्यात नाही. तर हा भला माणूस नाही म्हणाला.

"मिलचं काही बी सांगा, करून देतो. हे नाही करत. वरून चांगला ठोकलेला आकडा आतून चिरलेला हाय का, मले दिसत नाही. डाक्टरसाहेबाच्या बोटावर माह्या अंदाजाचं काम नको."

मी त्याला भित्रा म्हणालो. आज लाज वाटते. त्या सबंध प्रकरणात आपल्याला काय येत नाही हे माहीत असलेला तो एकटाच माणूस होता. त्याने काय बघून घ्यायचं तेवढं सांगितलं. सळई अंगठ्याएवढी जाड, आटे खोल. आकडा वाकवलेला नको, ठोकून घडवलेला हवा, आणि वेटोळ्याला अर्ध्याच्या वर कवेत घेणारा. आकडा सरकू नये म्हणून तोंडाशी पिन. "रंग पाहूच नका," म्हणाला. "अन् जो दुकानदार पोतं टांगू देईन, त्याच्यापासून घ्या."

रविवार असाच गेला. सोमवारी आम्ही दोघे गोंदियामार्गे नागपूरला निघालो. छोट्या लायनीच्या आगगाडीत समोरासमोर बसलो. दुकानदाराशी भांडायचं मी ठरवूनच गेलो होतो. शिव्या तीन स्टेशनं आधीपासून रांगेत लावून ठेवल्या होत्या. दुकानात मी तो सरळ झालेला आकडा गल्ल्यावर आपटला.

दुकानदाराने चष्मा लावला. "हे काय केलं तुम्ही?"

"चार पोते धान टांगले," मी म्हणालो.

"अहो, हे स्प्रिंगसाठी आहे. धान टांगायचं कोणी सांगितलं? परत घेता येणार नाही."

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दादा बोलला. पेशंटवर कधी आवाज न चढवलेला माझा दादा. "माह्या हाताखाली बाई असते," तो ओरडला. "तिचं मूल अर्धं बाहेर असते. हा आकडा माह्या बोटावर उघडला असता त मी काय केलं असतं? तुमचा रंग लावला असता तिले?"

रस्त्यावरचे लोक दुकानात शिरले. माझ्या रांगेतल्या शिव्या तशाच राहिल्या. त्यांची गरजच पडली नाही.

दुकानदार खाली बसला. मग उठून फडताळातून एक विलायती शिकंजा काढला. त्याची किंमत ऐकून आम्ही त्याला नुसता नमस्कार केला. तो परत ठेवताना दुकानदाराने गल्ल्याखालून तेलकट गोणपाटात गुंडाळलेला आणखी एक काढला. काळा, कुरूप, जाड. आकडे ठोकून घडवलेले, तोंडाशी पिना. लालपेक्षा जेमतेम थोडा महाग.

"हा खाली काहून ठेवता?" दादाने विचारलं.

"रंग नाही ना. कोणी घेत नाही. सगळे लालच मागतात."

तेव्हा मला जो राग आला तो त्या दुकानदारावर नव्हता. आमच्यावर होता, दादावर, माझ्यावर, चकाकी बघून हात पुढे करणाऱ्या सगळ्या जगावर. भिंतीवर आणखी सहा लाल शिकंजे टांगलेले होते. मी ते सगळे ओढून काढले असते. दादाने माझं मनगट धरलं.

"टांगून पाहू," दादा दुकानदाराला म्हणाला. "उघडला त परत आणीन."

"आणा," दुकानदार म्हणाला. एवढंच बोलला, पण मिस्त्रीची अट पुरी झाली आणि मला बरं वाटलं.

काळ्या शिकंज्याची एकेक सळई मिलमध्ये टांगली. प्रत्येकीने आठ पोती उचलली. मी अकरा सांगतो, पण होती आठच. पारड्यावर त्यापेक्षा मावत नव्हती. मिस्त्रीने आकड्यांवरून बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली.

गुरुवारी दादाने स्प्रिंग घातली. सळया समोरासमोर लावल्या, पिना घातल्या, आणि एका बाजूचे दोन फेरे, मग दुसऱ्या बाजूचे दोन, असे नट आवळत गेला. कुठेही घाई नाही. मी नीट दिसावं म्हणून पुढे वाकलो होतो.

"समोरून बाजूले हो."

"काहून? आठ पोते उचलले त्यानं."

"मले माहीत आहे. बाजूले हो, गाढवा."

मी पुटपुटत बाजूला झालो. स्प्रिंग जागेवर बसली, दादाने नट सैल केले, शिकंजा सोडवला, तेलाच्या फडक्याने पुसला. मला वाटलं आता तो पान्यांच्या पेटीत जाईल. दादा तो घेऊन दवाखान्यात गेला, कात्र्या आणि चिमट्यांच्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.

मी किल्ली मागितली.

"नाही देत," दादा म्हणाला. "तू पोते टांगशील."