थायरॉईड निघू दे रे देवा

त्या आठवड्यात मला झोप अशी नव्हतीच, कामं मात्र भरपूर होती. शेवटचं काम म्हणजे स्वारगेटच्या चौकात उभं राहून वाहतुकीला शिस्त लावणं. खोटं कशाला सांगू, एक-दोन बस माझं ऐकून थांबल्याही. नवऱ्याने मला रिक्षात कोंबलं आणि थेट हॉस्पिटलात, मानसोपचार विभागात आणलं.

तिथल्या डॉक्टरबाई शब्द मोजून बोलणाऱ्या. "गोळ्या आजच सुरू करू. रक्तही तपासू. कधीकधी थायरॉईड बिघडल्यानेही माणूस असा सुटतो."

सोबत आलेल्या सासूबाईंनी त्यातलं शेवटचं तेवढं ऐकलं. आमच्याकडे थायरॉईड हा घरंदाज आजार. दोन्ही नणंदांना आहे, चारचौघांत सांगता येतो. डोक्याचं काही निघालं तर शनिवार पेठेत तोंड कुठे दाखवायचं?

"रिपोर्ट येईपर्यंत गोळी नको," त्या म्हणाल्या. नवरा गप्प. आईपुढे तो गप्पच असतो. मी कॉटवर बसून नर्सना सिग्नलचे नियम शिकवत होते, पण आतून पार थकले होते. कुणीतरी मला झोपवा हो, असं वाटत होतं. सासूबाई डोळे मिटून देवाकडे थायरॉईड मागत होत्या.

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. मी नापास झाल्यासारखा सासूबाईंचा चेहरा पडला.

"दुसऱ्या लॅबमधून करून घेऊ या का?"

"अवश्य," डॉक्टरबाई म्हणाल्या. "रिपोर्ट नॉर्मल आहे. पेशंट नाही."

तेव्हा कुठे नवऱ्याला कंठ फुटला. "आई, गोळी देऊ दे त्यांना."

मी झोपले. हळूहळू माणसांत आले. नातेवाइकांत मात्र थायरॉईडच जाहीर झालं, आणि मीही नणंदांकडून कोबी खाऊ नको वगैरे सल्ले गंभीर चेहऱ्याने ऐकून घेत होते. मजा यायची.

मग एका रविवारी घर पाहुण्यांनी भरलं. गोळी चुकली तर झोप पुन्हा जाईल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. पण एवढ्या लोकांसमोर उठायची लाज वाटली. मी बसून राहिले.

सासूबाई पाण्याचा पेला घेऊन बैठकीत आल्या. "डोक्याची गोळी राहिलीये तुझी."

"थायरॉईडची ना?" पाहुण्यांतल्या आत्याबाईंनी विचारलं.

"डोक्याची म्हटलं मी," सासूबाई म्हणाल्या. "थायरॉईड नॉर्मल आहे तिचं."