सहीवाल्या बाई

आमच्या तिसरीच्या बाई वही तपासताना अक्षराकडे सगळ्यात शेवटी पाहायच्या. आधी पानाच्या तळाशी बोट ठेवून विचारायच्या, "सही कुठाय?" बोरी अरबच्या शाळेत त्यांना खऱ्या नावानं ओळखणारे हेडमास्तर सोडले तर फारसे कोणी नसतील. गावासाठी त्या सहीवाल्या बाई.

भानगड अशी होती, की सुलेखनाचा तास आणि परिसर अभ्यासाचा तास बाईंनी परस्पर एक करून टाकला होता. पुस्तकातला उतारा पाहून दहादा उतरवणं त्यांना मान्य नव्हतं. "छापलेलं हायेच ना ते. पुन्हा कायले छापता?" म्हणायच्या. त्याऐवजी दर शनिवारी शाळा सुटली की गावातल्या एका काम करणाऱ्या माणसाकडे जायचं, त्याचं काम विचारायचं आणि दुरेघी वहीत त्याच्याबद्दल पाच ओळी लिहायच्या. मग त्या त्यालाच वाचून दाखवायच्या. तो चूक म्हणाला तर नव्या पानावर पुन्हा लिहायचं, बरोबर म्हणाला तर खाली त्याची सही घ्यायची. सहीशिवाय बाई पानाला हात लावत नसत.

त्या मूळच्या उमरखेडच्या. घरी उर्दू, नवऱ्याचं दारव्ह्याला मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. बोलण्यात वऱ्हाडी, हिंदी, सगळ्याची मिसळ. पण खडू हातात घेतला की असं अक्षर काढायच्या, की पुढच्या तासाचे गुरुजी फळा पुसायला कचरायचे. आम्हाला मात्र वळणदार अक्षराचा हट्ट त्यांनी कधी केला नाही. त्यांची परीक्षा वेगळी होती. बसस्टँडवर रफिकभाई चहा विकायचे आणि चष्मा रोज घरी विसरायचे. "रफिकभाईनं चष्म्याबिगर वाचलं तर तुझं अक्षर चांगलं," एवढा सोपा हिशेब. रफिकभाईही मोठे कडक परीक्षक. पान लांब धरून, जवळ धरून, शेवटी म्हणायचे, "बेटा, हे मुंग्या काढल्या का ओळी?"

एकदा माझ्या मैत्रिणीनं एसटीच्या कंडक्टरवर पाच ओळी लिहिल्या. शनिवारी गाडी आल्यावर ती पायरीवर उभी राहून वाचायला लागली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर कंडक्टर आतून म्हणाला, "थांब ना बे, माझं नाव नाही आलं अजून." गाडी थांबली. नाव चौथ्या ओळीत होतं.

मग एका शनिवारी बाईंनी सांगितलं, "या बारीले आपल्या घरातलं माणूस."

माझे बाबा नालबंद. आठवडी बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे. पंचक्रोशीतले बैल त्यांना ओळखायचे, पण त्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. माझ्या शेजारी बसायची ती किराणा दुकानदाराची मुलगी. तिचे वडील सही केल्यावर खाली दोन रेघा ओढायचे, आणि ते तिनं वर्गभर दाखवून झालं होतं. तिच्या पानाशेजारी माझ्या पानावर बाबांचा निळा अंगठा येणार, या विचारानं मला जेवण गेलं नाही. मी पाच ओळी लिहिल्या, बाबांना वाचून न दाखवताच, आणि खाली त्यांच्या नावाची सही ठोकून दिली. तिच्या वडिलांसारख्या खाली दोन रेघाही ओढल्या.

सोमवारी बाईंनी माझं पान वाचलं आणि तिसऱ्या ओळीशी थांबल्या. "बाबानं ऐकलं हे?"

मी हो म्हणाले. बाईंनी वही मिटून स्वतःच्या पिशवीत ठेवली.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर बाई आमच्या घरी आल्या. आईनं चटई टाकली. बाईंनी वही माझ्या हातात दिली आणि बाबांना म्हणाल्या, "पोरीनं तुमच्यावर लिवलं हाये, ऐका." मी वाचायला लागले. बाबा गुडघ्यावर हात ठेवून, साहेबासमोर बसावं तसे बसले होते. "एका बैलाला चार नाल लागतात" या ओळीशी ते हसले.

"चार घोड्याले, बाई. बैलाचा खूर मधून चिरलेला असते. एका पायाले दोन. आठ लागतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "अन् नाल ठोकाले बैलाले पाडतो नोको लिहू, झोपवतो लिही. मी आजवर एकही बैल पाडला नाही."

सहीकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांना काय कळलं असतं, आणि याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली. मी तिथंच बसून नवं पान लिहिलं, आठ नालांचं. बाईंनी आपल्या बॉलपेननं बाबांच्या अंगठ्यावर शाई घासली आणि अंगठा पानावर टेकवला. जाताना दारात मला एवढंच म्हणाल्या, "हा अंगठा खरा हाये." दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर कायमचं लिहिलेलं असायचं: सही किंवा अंगठा. पण दोन-तीन दिवस बाई माझ्याशी नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. पुढे सगळं पहिल्यासारखं झालं. माझ्या मनात मात्र ते दोन-तीन दिवस राहून गेले.

मी आता झरी जामणीकडे शिक्षिका आहे. माझी मुलं घरी कोलामी बोलतात, वहीत मराठी लिहितात, आणि पानाखाली अंगठे आणतात. आठ नालांची गोष्ट मी त्यांना दरवर्षी सांगते. बाई त्या दिवशी माझ्यावर रागावल्या होत्या का, हे मात्र मला कधी विचारता आलं नाही.

गेल्या दिवाळीत कळलं, की बाईंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आहे. दारव्ह्याला त्यांच्या घरी गेले, ते हे लिहिलेलं घेऊनच. ज्याच्यावर लिहिलं त्याला वाचून दाखवायचं, हा नियम त्यांचाच. बाई खाटेवर उशीला टेकून ऐकत होत्या. शब्द जड झाले होते, पण कान तसेच होते. शेवटाजवळ मी लिहिलं होतं, "बाई माझ्यावर रागावल्या असाव्यात." तिथं त्यांनी डावा हात वर केला.

"चूक हाये. दुरुस्त कर." मग एकेक शब्द गोळा करत म्हणाल्या, "तुह्यावर नाही, शालू. माह्यावर. सहीचा नियम मी केला. ज्याले सही येत नाही त्याच्या लेकराचा इचारच केला नाही. तुले खोटं बोलाले मी लावलं. तुले तोंड दाखवाची मलेच लाज वाटे."

मला पुढचं वाचता येईना. पंचवीस वर्षं जी लाज मी एकटीची समजत होते, ती आम्ही दोघींनी मिळून वागवली होती. बाईंनी पाणी प्यायला सांगितलं. दुरुस्त केलेलं पान मी तिथंच नव्यानं लिहून वाचून दाखवलं, मग त्यांनी पेन मागितलं. मी उजव्या हाताच्या बोटांत धरवून दिलं, ते गळून पडलं. पुन्हा दिलं, पुन्हा पडलं. फळ्यावर तसं अक्षर काढणारा तो हात.

"राहू द्या बाई," मी म्हणाले.

"कायले राहू दे? फळ्यावर काय लिवलं होतं?"

मी त्यांचा उजवा हात मांडीवर घेतला. बॉलपेननं अंगठ्यावर शाई घासली, बाबांच्या अंगठ्यावर त्यांनी घासली होती तशीच, सावकाश. अंगठा मी नव्या पानाच्या तळाशी टेकवला आणि तो नीट उमटेपर्यंत दाबून धरला.