टॅबमधली सहा तोंडं

२०२३ साल. मला अठ्ठ्याहत्तर चालू होतं. आमची कारभारीण कंग्राळीत गोठ्यात घसरून पडली आणि मांडीचं हाड मोडलं. बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन झालं.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण माणसाचं दुखणं माणसाकडं बघून कळतं, हे सांगायला मला कुणी मास्तर लागला नाही. तिथल्या सिस्टरांना ते एका काचेच्या पाटीत बघावं लागतं. टॅब म्हणतात त्याला. ताप त्यात, गोळ्या त्यात, सगळं त्यात. रोग्याकडं बघायचं तेवढं राहून जातं.

"आज्जी, किती दुखतंय? शून्य ते दहामधलं सांगा."

अंगावर दवाखान्याचा झगा, पदर कुठला असणार? कारभारणीनं चादरच डोक्यावर ओढली. "काय न्हाय बाई. बरं हाय."

सिस्टरनं शून्य दाबलं.

"अगं पोरी, चादर कशी मुठीत आवळलीया बघ की! सुई दे तिला."

"अज्जा, शून्याला इंजेक्शन देता येत न्हाय. डॉक्टर हेच बघतात."

"टॅबला मांडी हाय व्हय? त्याला काय कळतंय?"

ती हसली. टॅब कारभारणीसमोर धरला. त्यात सहा गोल तोंडं, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. बालवाडीच्या भिंतीवर शोभावीत अशी.

"ह्यातलं तुमचं कुठलं, आज्जी?"

कारभारणीनं आधी माझ्याकडं बघितलं. मग हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. सिस्टर तेही दाबून मोकळी झाली. एवढं महागाचं डबडं आणि अक्कल ही असली!

ती गेल्यावर शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "अण्णा, रागावू नका. तुम्ही जेवायला गेलता तवा आक्का लई रडत हुत्या. तुमच्यासमोर बोलत न्हाईत त्या."

"का? मी खातोय काय तिला?"

"नवऱ्यासमोर दुखतंय म्हणून आम्ही कधी कण्हलोय काय?"

मी कारभारणीकडं बघितलं. तिनं भिंतीकडं तोंड फिरवलं. बायकांचं हे शहाणपण मला आजतागायत पटलेलं नाही. टॅबचं तर त्याहून नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टर टॅब घेऊन दारात दिसली तसा मी थर्मास उचलला.

"अवो, भरलाय की त्यो," कारभारीण म्हणाली.

"गार झालाय," म्हणालो आणि निघालो, तो पार लिफ्टपाशी जाऊन उभा राहिलो.