माताजींचं पूर्ण सहकार्य

"वही उघडली की मला कळतं, या घरात आई आहे की नाही."

मनीषा रामटेके हे एकदा स्टाफरूममध्ये बोलली आणि मग बाकीच्या शिक्षिका ते तिच्या नावानं सांगू लागल्या. हिंदी मुलखातल्या एका शहरात, इंदिरा नगरातल्या शाळेत ती पाचवीची वर्गशिक्षिका होती. गणित शिकवायची. बेचाळीस वह्या, बेचाळीस घरं. कव्हर फाटलेलं, कोपरे दुमडलेले, समासात तेलाचा डाग. अशा वहीवर ती लाल पेनानं लिहायची, 'घर पर ध्यान दें.' लिहिताना तिला वाईट वाटत नसे. उत्तर ताडून पाहावं आणि बरोबर निघावं, तसं वाटे.

तिचं स्वतःचं घर मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत, दुसऱ्या मजल्यावर. नवरा राजरत्न इंजिनियर. नव्या डब्यांच्या चाचण्यांसाठी महिन्यातले पंधरा दिवस कुठल्या ना कुठल्या रुळांवर. मनीषा सव्वासहाला घर सोडायची, आलमबागहून मेट्रो धरायची आणि चार वाजता वह्यांची पिशवी घेऊन परत यायची. मधल्या वेळात मुलगी अवनी कांताताईंची असायची.

कांताताई राजरत्नची मोठी बहीण. सातवी शिकलेल्या. नवरा गेल्यावर उमरेडहून दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या, त्याला आता तीन वर्षं झाली होती. त्यांनी कधी काही मागितलं नाही, कधी आवाज चढवला नाही. भांडायला जागाच ठेवली नाही त्यांनी, आणि मनीषाला नेमकं तेच सहन होत नसे.

मत्सराला मोठं कारण लागत नाही. वेणी पुरते. कांताताई अवनीची वेणी घालायच्या ती दिवसभर तशीच राहायची. रविवारी मनीषानं घातलेली दुपारीच सुटायची, आणि अवनी कंगवा घेऊन निमूट आत्याकडे जायची. गेल्या हिवाळ्यात अवनीला ताप आला तेव्हा उशाशी मनीषाच बसली होती, हातात पेला घेऊन. अवनी डोळे न उघडता म्हणाली, "आत्या, पानी." मनीषानं पाजलं. "आत्या, और." मनीषानं पुन्हा पाजलं. त्या आठवड्यात वर्गातल्या पोरांना मात्र पाढे दुप्पट लिहावे लागले.

अशा दिवसांसाठी तिच्याकडे एक औषध होतं. कपाटाच्या खणात अवनीची प्रगतिपुस्तकं होती. तिसरीपासून अवनीच्या वर्गशिक्षिका निगार मैम. त्यांचं तिरकं, देखणं हिंदी अक्षर. प्रत्येक वेळी शेवटच्या ओळीत तेच : 'माताजी का पूर्ण सहयोग.' मनीषा ते बोटानं चाचपून वाचायची. ती स्वतः हा शेरा बेचाळिसातल्या दोघा-तिघांनाच द्यायची, त्यामुळे त्याची किंमत तिला ठाऊक होती. घरात काही का असेना, कागदावर आई तीच होती. एकदा तर तिनं फोटो काढून स्टाफरूममध्ये दाखवला होता.

पालकसभेला मात्र ती कधीच गेली नव्हती. तिच्या आणि अवनीच्या, दोन्ही शाळांची सभा एकाच शनिवारी यायची. ती तिकडे इतरांच्या आयांना समोर बसवायची, इकडे कांताताई जायच्या. तिच्या शाळेत नियम कडक होता. आई किंवा वडील, तिसरं कुणी नाही. मागच्या सत्रात शहराबाहेरच्या मलिहाबादहून आलेल्या एका आजोबांना तिनं दारातून परत पाठवलं होतं. अवनीच्या शाळेत आत्याला कसं बसू देतात, असा प्रश्न तिला पडला होता. ती शाळा ढिली असेल, असं ती धरून चालली.

यंदा तिच्या शाळेत कसल्याशा भरतीपरीक्षेचं केंद्र पडलं आणि सभा पुढे गेली. शुक्रवारी संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कांताताई आपल्या निळ्या काठाच्या साडीला इस्त्री करत होत्या.

"उद्या मी जाते, ताई. मला सुट्टी आहे."

कांताताईंचा हात थांबला. "तू कायले धावपळ करतं? एक दिवस भेटला तर झोप नं जराशी."

"झोपायला रविवार आहे."

"आत्या नहीं आएगी?" अवनीनं विचारलं.

"आई असताना आत्या कशाला?"

"ऐसे ही पूछा."

"आणि मराठीत बोल. घरात तरी."

"बोलते नं ती," कांताताई हसून म्हणाल्या. "दिवसभर माझ्यासंग मराठीच चालते तिचं. तू आली का हिंदी सुरू होते."

हे त्या गंमत म्हणून बोलल्या. मनीषानं इस्त्रीचं बटण बंद केलं.

थोड्या वेळानं कांताताई स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. "मनीषा, त्या मॅडमबद्दल एक सांगाचं होतं तुले."

"सभेत कसं बोलायचं ते मला सांगणार का, ताई? चौदा वर्षं घेतेय मी सभा."

"तसं नाही गं."

"मग आल्यावर सांगा. आत्ता कणीक मळायची आहे."

कांताताई आत गेल्या. साडी पुन्हा कपाटात गेल्याचा, पत्र्याचं दार ओढल्याचा आवाज आला. मनीषाला बरं वाटलं. बरं वाटलं याची थोडी लाजही वाटली, पण बरं वाटलं.

सकाळी ती नवा कुर्ता घालून निघाली. अवनी दोन पावलं मागून चालत होती. फाटकावरच्या गार्डनं अवनीला "नमस्ते गुड़िया" म्हटलं आणि मनीषाकडे जरा जास्त वेळ पाहिलं. वर्गात छोट्या बाकांमधून वाट काढत दोघी टेबलापाशी पोचल्या. निगार मैम उठून उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, बारीक, चष्मा साखळीला अडकवलेला.

"आइए, तशरीफ़ रखिए. आज मम्मी नहीं आईं?"

मनीषा हसली. ती सांगणारच होती.

"बुआ हैं," अवनी म्हणाली. पाढा म्हणावा तसं, एका दमात. "मम्मी की तबीयत ठीक नहीं."

"अच्छा, तो आप हैं बुआजी. बड़ा ज़िक्र सुना है आपका."

मनीषा खुर्चीत बसली. एखादं गणित चुकलेलं असतं आणि नेमक्या कुठल्या पायरीवर चुकलं ते एकदम दिसतं, तसं तिला सगळं दिसलं. दोन वर्षांपूर्वीची पहिली सभा. फाटकावर गार्ड म्हणाला असेल, फक्त आई-वडील. कांताताई परत वळल्या असतील, आणि अवनीनं, किंवा त्यांनीच, एक शब्द बोलून टाकला असेल. एकदा आत्या आई झाली की चार वाजता घरी येणारी, वह्यांची पिशवी आपटणारी, पाढे विचारणारी ती दुसरी बाई कुणीतरी व्हायलाच हवी होती. ती बुआ झाली, म्हणजे आत्या. आणि खणातला तो शेरा दोन वर्षं दुसऱ्याच बाईला मिळत होता.

पर्समध्ये तिच्या शाळेचं ओळखपत्र होतं. फोटो, नाव, विषय गणित. ते टेबलावर ठेवायला अर्धा क्षण पुरला असता. पुढे काय होतं तेही तिला माहीत होतं, कारण ती स्वतः तेच करत आली होती. प्रिन्सिपल. चिठ्ठी. मुलीला एकटीला बाजूला घेऊन विचारणं. कांताताई निळ्या काठाच्या साडीत, ऑफिसच्या बाकावर.

अवनी तिच्याकडे पाहत होती. वर्गातली पोरं असं पाहतात, उत्तर दुसऱ्याच्या वहीतून उतरवलेलं असतं तेव्हा. मॅडमनी पान उलटू नये, एवढंच त्यांना हवं असतं.

मनीषानं पर्सची चेन लावली.

"देखिए ये लिखावट," निगार मैमनी वही पुढे केली. खाकी कव्हर, कोपरे ताठ, समास सरळ. "पूरी क्लास में सबसे साफ़ कॉपी. असेंबली की कविता भी मम्मी ने याद कराई थी. कहती हैं, ख़ुद ज़्यादा पढ़ी नहीं हूँ, पर कॉपी रोज़ देखती हैं. ऐसी माँएँ अब कम आती हैं हमारे पास."

वही उघडली की कळतं. मनीषानं उघडली नाही.

"बस, मैथ्स." निगार मैमनी चष्मा काढला. "आप बुरा न मानें तो एक बात अर्ज़ करूँ?"

"कहिए."

"बच्ची सवाल देखते ही घबरा जाती है. मम्मी बता रही थीं, घर में मैथ्स बुआजी कराती हैं. दिन भर की थकी आती हैं, तो ग़ुस्सा हो जाती हैं. ये भी कहा कि दिल की बहुत अच्छी हैं. मेरी भी यही गुज़ारिश है, ज़रा नर्मी से."

शिव्या दिल्या असत्या कांताताईंनी तर बरं झालं असतं. त्यांनी बाजू घेतली होती. आई होऊन, एका रागीट बुआची बाजू घेतली होती. मनीषाला त्या चांगुलपणाचाही हेवा वाटला. चौदा वर्षं ती टेबलाच्या त्या बाजूला बसली होती. या बाजूची खुर्ची इतकी बुटकी असते, हे तिला माहीत नव्हतं.

"मम्मी से कहिएगा, ऐसे ही आती रहें," निगार मैम म्हणाल्या आणि रजिस्टर वळवून तिच्यासमोर ठेवलं. "यहाँ दस्तख़त कर दीजिए."

अवनीचं पान होतं ते. दोन वर्षांच्या सह्या एकाखाली एक. मनीषा रामटेके. मनीषा रामटेके. मनीषा रामटेके. मनीषाची खरी सही म्हणजे एक फराटा. रोज शंभर ठिकाणी करून झिजलेला. इथं प्रत्येक अक्षर सुटं, गोल, सावकाश काढलेलं, वरची रेघ न थरथरू देता ओढलेली. इतक्या निगुतीनं तिचं नाव कुणी लिहिलं नव्हतं. तिनं स्वतःही नाही. शेजारच्या रकान्यात, नात्यासमोर, दर वेळी : माँ.

निगार मैमनी पेन पुढे केलं. मागे पुढचे पालक खोळंबले होते.

मनीषानं लिहिलं, कांता. शेजारी लिहिलं, बुआ. आपल्या वर्गातल्या पोरांना शिकवलेलं असतं तशी, उठल्यावर तिनं खुर्ची आत सरकवली. अवनीनं तिच्या ओढणीचं टोक धरलं होतं. ते तिनं हलकेच सोडवून घेतलं आणि वर्गाबाहेर गेली.