मोठ्या अंकाचा मान

शिवशंकरचं नाव निघालं की आमच्या साहेबांवर आजबी माझं डोकं फिरतं. सोयगावकडच्या मेंढपाळाचं पोरगं, आयटीआय करून आमच्या टँकरच्या ऑफिसात नेटवर्क सांभाळायला लागलं. शहरातल्या छावणी भागात खोली करून राहायचा. बोलणं कमी, पण मशीन बिघडलं की ताटावरनं उठणारा माणूस. मी प्रांजली, तिथं फोन घ्यायची.

त्या दुष्काळात गावोगावची पाण्याची मागणी इंटरनेटवरनं यायची. कंप्युटरनं चिठ्ठी काढल्याबिगर टँकर हालायचा नाय. लाइनी दोन: एक फायबरची, दुसरी अडीनडीला सिमकार्डाची. आधी कुठली वापरायची ते राउटरला अंक देऊन सांगायचं. लहान अंकाची आधी, मोठ्या अंकाची मागून. शिवशंकरनं फायबरला दहा दिले होते, सिमला दोनशे.

आमचे केयूर साहेब भडकले. "मुख्य लाइनीला दहा? उलटं कर. मोठीला मोठा अंक!"

"साहेब, राउटरला मानपान कळत नाय. सगळं सिमवरनं जाईल, दुपारीच डेटा संपेल. लाइन मात्र चालू दिसेल, म्हणून राउटर फायबरकडं वळणार नाय."

"तू मला शिकवतो?"

पालथ्या घड्यावर पाणी! साहेबांनी स्वतः अंक बदलले.

झालं तेच. रोज बाराच्या ठोक्याला चिठ्ठ्या बंद. ड्रायव्हर शिव्या मला घालणार, आणि साहेब एसीत बसून म्हणणार, "इंटरनेट कंपनीचा फॉल्ट आहे." कसला फॉल्ट? नुसत्या उंटावरून शेळ्या हाकायच्या!

सोयगावकडची मागणी यायचीच दुपारनंतर. तिसऱ्या दिवशी शिवशंकरच्या मायचा, दगडाबाईंचा फोन आला. "बाई, टँकर कव्हा येतो? दोन मेंढ्या गेल्या. लेकरांच्या तोंडाला लावायलाबी पाणी नाय." मी फोन शिवशंकरच्या हातात दिला. त्यानं ऐकून घेतलं, फोन ठेवला, अन् सरळ कंप्युटरवर बसून अंक पुन्हा पहिल्यासारखे केले. दोन मिनिटं लागली. चिठ्ठ्या निघायला लागल्या, आणि सोयगावचा टँकर फाटकाबाहेर पडला.

साहेब धावत आले. "कुणाला विचारून केलं?"

"मायला विचारून."

त्याच घडीला त्याला कामावरनं काढलं. आणि वर खुर्ची ओढून साहेब आपले अंक परत टाकायला बसले! मग माझाबी ताबा सुटला. कीबोर्ड उपटून छातीशी धरला.

"आता मलाबी काढा," म्हटलं, "पण बाहेर अजून अकरा टँकर उभे हायेत. ते गेल्याबिगर हा तुम्हाला मिळायचा नाय."