दादाच्या घरचं पिस्तूल

डॅलसच्या विमानतळावर दादाने आमच्या चारही बॅगा ट्रॉलीवर चढवल्या, पट्टे ओढून पाहिले आणि म्हणाला, "भूकंपाच्या देशात राहायला चाललीस आणि घाबरतेस माझ्या पिस्तुलाला." ते भांडण आमचं वर्षभर करून झालं होतं.

त्याच्याच रस्त्यावर, चार घरं सोडून आम्ही राहत होतो. एका शेजाऱ्याकडे भरदिवसा चोर शिरले आणि आठवडाभरात दादा पिस्तूल घेऊन आला. "पोलीस यायला वीस मिनिटं लागतात. तोवर मी काय आरती म्हणत बसू?" वहिनी तेव्हा ते ठेवलेल्या कपाटाला हातही लावायची नाही. मी म्हणायचे, प्रत्येकजण असाच विचार करतो, म्हणून तर घरोघरी पिस्तुलं झाली. तो हक्क म्हणायचा, मी कायदा म्हणायचे. टीव्हीवर जे चालायचं तेच जेवणाच्या टेबलावर.

मग एक दिवस बालवाडीतून आलेली माझी इरा म्हणाली, "आई, मला दिवे लागणारे बूट नकोत. अंधारात लपलो की ते चमकतात. मग तो माणूस येतो." शाळेत कोणी गोळीबार करत शिरलं तर कसं लपायचं, याचा सराव झाला होता. माझ्या नवऱ्याच्या, समीरच्या, ऑफिसात टोकियोच्या प्रोजेक्टचं विचारणं कधीचं चालू होतं. त्या संध्याकाळी आम्ही हो म्हणालो.

टोकियोतल्या तोयोसुत इरा पहिलीत गेली आणि पंधरा दिवसांत शाळेतून फोन आला. भूकंपाच्या सरावात सगळी मुलं बाकांखाली शिरली, इरा सापडेना. शेवटी दप्तरांच्या कप्प्यांमागे मिळाली, दोन्ही हात तोंडावर दाबून. हाकेला ओ देत नव्हती. मी धावत गेले. मोडक्या जपानीत बाईंना सांगितलं की तिकडे लपायलाच शिकवलं होतं.

"कोणापासून?" त्यांनी विचारलं.

बंदुकीला जपानीत काय म्हणतात ते मला माहीत नव्हतं. मी दोन बोटं पुढे रोखली. त्यांनी माझ्या बोटांकडे पाहिलं, मग खाली बसून इराचं नाक पुसलं.

तिकडे कुठल्या शाळेत काही झालं की मी दादाला फोन करायचे. आधी "तुम्ही ठीक ना?", मग तेच भांडण. पुढे भांडण गळलं, नुसतं "ठीक ना" राहिलं. आता तेही नाही. बातमी वाचते आणि डब्याचा भात लावते. लाज वाटते, पण दमले.

या एप्रिलमध्ये दादा एकटाच आठ दिवसांसाठी आला. सकाळी स्टेशनकडे जाताना पिवळ्या टोप्या घातलेली पहिलीची पोरं आपली आपण रस्ता ओलांडत होती. तो थांबून बघत राहिला.

"वहिनीलाही आणायचंस," मी म्हटलं.

"तिला घर सोडवत नाही." थोडं चालल्यावर म्हणाला, "आता पिस्तूल उशाशी घेऊन झोपते. मी उशिरा आलो तर दाराबाहेरून आधी फोन करतो. एकदम किल्ली लावत नाही."

"मग काढून टाक ना दादा."

"तू सांग तिला. मी सांगून थकलो."

निघायच्या आदल्या दिवशी त्याने विचारलं, "इराला सुट्टीत आमच्याकडे पाठवशील?" मी नाही म्हणाले. पूर्वी तो तासभर वाद घालत बसला असता. या वेळी मान हलवली आणि चहा संपवला. त्याने भांडायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

आई-बाबा गेल्यावर दादाचं घर हेच माझं माहेर. सहा वर्षांत मी तिथे गेलेले नाही. आई म्हणायची, माहेरी गेलं की बाईने आधी झोपून घ्यावं. दादा इथे रोज दुपारी जेवला की आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांत जमिनीवर आडवा व्हायचा आणि दिवेलागणीपर्यंत उठायचा नाही. घोरायचा. इरा त्याच्यावरून उडी मारून जायची, तरी जाग नाही. भाऊ बहिणीकडे माहेरपणाला आला होता.

तो गेल्यावर मी त्याची गादी घडी करून ठेवली आणि वहिनीला लिहिलं, "आता तू ये. काही बघायला नको, नुसती झोपायला ये."

तिने वाचलंय. उत्तर अजून आलेलं नाही.