चिंधीवाल्या काकू

“आली पाहा चिंधीवाली. आता तिची म्हैसही बिमार, अन् आपलं डोस्कंही.”

रांगेत कोणीतरी म्हणालं. म्हणणाऱ्याला वाटलं हळूच म्हटलं, पण दूध संकलन केंद्राच्या खिडकीमागे बसलं की रांगेतलं सगळं ऐकू येतं. काकूंनाही ऐकू गेलं होतं. त्यांनी कॅन खाली ठेवली, खिडकीत अर्धं तोंड घातलं आणि अगदी मागच्या माणसापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

“मॅडम, आज एकीचंच दूध हाय. दुसरीचं नाही आणलं. तिले सुई लागली.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की त्यांची आठवण आली की आधी तेच ऐकू येतं.

तुम्ही दिग्रसच्या आसपास राहत असाल तर असं केंद्र पाहिलं असेल. एक खोली, एक खिडकी, वजनकाटा आणि दूध तपासायची मशीन. मशीनमागे मी. शाळा इंग्रजी माध्यमाची, घर मराठी, आणि दोन्हीकडे मी गप्प. नोकरी मिळाली तेव्हा बरं वाटलं, कारण इथे बोलायचं काम मशीन करते. दुधाचा नमुना लावायचा, फॅट किती ते पडद्यावर येतं, पाणी घातलं असेल तर तेही येतं, बटण दाबलं की पावती निघते. लोक मला गर्विष्ठ समजायचे. काकूंचं मत वेगळं होतं.

“मॅडम, तुमचं तोंड मशीनीसंगंच डब्यात पॅक होऊन आलं का? बटन दाबल्याबिगर चालूच होत नाही.”

रांग हसायची. मीही हसायचे, पडद्याकडे बघून.

काकूंकडे दोन म्हशी होत्या. त्यातल्या एखादीची कास सुजली, डॉक्टर येऊन इंजेक्शन देऊन गेला, की काकू तिच्या शिंगाला लाल चिंधी बांधायच्या. घरात कोणीही उठून धार काढायला जाईल, म्हणून ती खूण. चिंधी असेपर्यंत त्या म्हशीचं दूध वेगळ्या बादलीत काढायचं आणि गोठ्यामागच्या खड्ड्यात ओतायचं. घरात नाही, केंद्रावर नाही, कुत्र्यालाही नाही. आळीतल्या बायका म्हणायच्या, लक्ष्मी सांडते ही. काकू म्हणायच्या, “सांडन नाहीतर काय करन? तुया घरी आणून देऊ?”

डॉक्टरने सांगितलं की चिंधी सुटायची. आणि त्या सकाळी हमखास एक गोष्ट घडायची. काकू पदराखालून स्टीलची छोटी डबी काढायच्या, झाकण उघडायच्या आणि माझ्या डोळ्यांसमोर ती सरळ उलटी धरायच्या. आत दही. पांढरं, घट्ट, जागचं न हलणारं.

“पाहा. हालते काय? सोडली चिंधी.”

मग ती डबी माझ्याकडे सरकवायच्या. “खा. तुमी लय सुकल्या. इंग्लिश वाचून वाचून अंगातलं सारं पाणी जाते.”

पहिल्यांदा डबी उलटी झाली तेव्हा मी हिशेबाचा कागद वाचवायला दोन्ही हात पुढे केले होते. काकूंना त्याचं फार कौतुक वाटलं. पुढे बरेच दिवस त्या माझी ती नक्कल करून दाखवत.

हे दह्याचं खूळ आलं कुठून, तेही त्यांनी सांगितलं होतं. “मागं एकदा सुई लागल्यावर मी दूध ठिवलं. इरजण लावलं. सकाळी पाह्यलं त नुसतं पाणी. पुन्हा लावलं, पुन्हा तसंच. डॉक्टरले इचारलं त म्हणे, औषध उतरलं नाही अजून दुधातून. मंग मले सांगा मॅडम, जे दूध इरजणाले मारते, ते लेकराच्या पोटात जाऊन काय आरती करन?”

तुम्हाला वाटेल बाई फार शहाणी. तसं काही नव्हतं. मोबाइलच्या टॉवरमुळे म्हशी पान्हा चोरतात यावर त्यांचा ठाम विश्वास होता. फॅट कमी लागलं की मशीनला सर्दी झाली म्हणायच्या. रांगेत घुसायच्या आणि वर भांडायच्या. आणि कोणाच्या गोठ्यात काय चाललंय हे न विचारता गावभर सांगायच्या. हे शेवटचं त्यांना फार महागात पडलं.

त्यांच्या शेजारी एक दादा राहतो. चार म्हशी, मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी कॅन. काकूंच्या म्हशी चिंधी बांधली की बऱ्या होतात आणि चिंधी सुटली की भरभरून दूध देतात, हे त्याने भिंतीपलीकडून बघितलं होतं. नजरेवरचा पक्का उतारा दिसतो, असं समजून त्याने आपल्या चारही धडधाकट म्हशींच्या शिंगांना लाल चिंध्या बांधल्या. काकूंनी त्या बघितल्या. त्याला एका शब्दाने विचारलं नाही. थेट केंद्रावर येऊन जाहीर केलं, “त्याच्या चारीच्या चारी म्हशीले सुई लागली! घेऊ नका दूध!”

त्या दिवशी त्याच्या रतिबाच्या दोन घरांनी दूध बंद केलं. तो तावातावाने केंद्रावर आला.

“काकू, नजर लागू नये म्हणून बांधली न मी! तुमचंच पाहून बांधली!”

काकूंनी क्षणभर विचार केला. “मंग निळी बांधाची न बाप्पा.”

सगळे पोट धरून हसले. तो हसला नाही. त्यानंतर त्याच्या गोठ्यात लाल चिंधी दिसली नाही. नजरेसाठी नाही, आणि सुईसाठी तर नाहीच नाही.

कोजागिरीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. त्या दिवसांत दूध पुरत नाही. कॉलनीकॉलनीत पातेली चढतात. केंद्र चालवणाऱ्या भाऊंनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, उद्या थेंबही घरी ठेवायचा नाही. काकू आल्या ते नेहमीच्या निम्म्या कॅनने. आणि शेजारचा दादा आला तो दोन्ही कॅन काठोकाठ भरून.

“मॅडम, माह्या एकीचंच हाय,” काकू म्हणाल्या. मग मान मागे वळवली. “अन् याचं घेऊ नका. याच्या मोठ्या म्हशीची कास सुजली. डॉक्टर काल माह्या घरून निंघून याच्याच गोठ्यात गेला. सुई भरताना मी पाह्यलं.”

“झालं का सुरू?” दादा म्हणाला. “मांगं चारी म्हशी बिमार पाडल्या होत्या. आता एकीवर आली.”

हशा झाला. भाऊ आतून बाहेर आले. “काकू, मशीन पास म्हणते ना? मग विषय संपला.”

“मशीनीले औषध दिसते काय?”

“तुम्हाला दिसते? मागच्या वेळीही असंच बोंबलल्या होत्या. खोटं निघालं की नाही?”

“तवा मी चिंधी पाह्यली होती. आता सुई पाह्यली.”

भाऊंनी हात जोडले, पण आवाज चढलेला होता. “हे बघा, केंद्राची बदनामी चालणार नाही. उद्यापासून तुमचं दूध नको. दुसरीकडे घाला.”

मला वाटलं कोणीतरी काहीतरी बोलेल. रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी उद्या पातेलं चढणार होतं. कोणी कॅनचं झाकण घट्ट करत होतं, कोणी मोबाइल बघत होतं. काकूंनी आपली कॅन उचलली. जाताना खिडकीत वाकल्या. या वेळी त्यांचा आवाज मागच्या माणसापर्यंत पोचला नाही.

“मॅडम, इचारत त जा. इचाराले कायले लाजता? मशीन नाही इचारत, तुमी त इचारा.”

त्या गेल्या. टेबलाच्या कोपऱ्यात त्यांची स्टीलची डबी राहिली. मागच्या खेपेचं दही मी खाल्लं होतं आणि डबी धुऊन ठेवली होती. रिकामी कशी परत द्यायची, म्हणून आईने शेवयांची खीर करून द्यायची ठरवली होती.

त्या दिवशी घरी जाताना मला इतका संताप आला की मला माझाच आवाज डोक्यात ऐकू येत होता. पाण्याचा एक पेला घालणाऱ्याला आम्ही पकडतो, चारचौघांत त्याची लाज काढतो. औषधाचं दूध मात्र पास. म्हशीचं औषध नीट व्हायलाच हवं, त्याबद्दल कोणाची तक्रार नाही, काकूंचीही नव्हती. पण त्यानंतरचे काही दिवस ते दूध बाजूला ठेवायला हवं हे डॉक्टर सांगतो, औषधाच्या खोक्यावर छापलेलं असतं, आणि रांगेतल्या प्रत्येकाला ते माहीत असतं. माहीत असून घालतात, आम्ही माहीत असून घेतो, टँकरमध्ये सगळं एक होतं, आणि एक झालं की कोणाचंच राहत नाही. सगळ्या रांगेत एकच बाई स्वतःहून सांगत होती की आज माझ्या एका म्हशीचं दूध चालणार नाही. तिलाच आम्ही हाकललं. फॅट चांगलं असूनही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोजागिरीची लगबग होती. कॉलनीतल्या पातेल्यासाठी आईने चारोळ्या आधीच निवडून ठेवल्या होत्या. आधी लहान मुलांना पेले द्यायचे, मग मोठ्यांना, अशी आमच्याकडे पद्धत आहे. दूध अर्थातच याच केंद्रावरून जाणार होतं.

रांगेत काकूंच्या जागी कोणी घुसत नव्हतं, त्यामुळे भांडण नव्हतं. भाऊ खुशीत होते. शेजारच्या दादाने कॅन काट्यावर चढवली. मी नमुना लावला. पडद्यावर आकडे आले. उत्तम फॅट. पाणी नाही.

“घ्या मॅडम, पटपट,” भाऊ मागून म्हणाले. “टँकर येऊन उभा आहे.”

माझं बोट पावतीच्या बटणावर होतं. डबी तिथेच कोपऱ्यात होती, झाकण उघडं, आत काही नाही. मी बोट उचललं. खिडकीतून वाकले, इतकी की माझा चेहरा पहिल्यांदाच बाहेर उन्हात आला. दादा चमकून बघायला लागला. जे शब्द तोंडात आले ते माझे नव्हते, शाळेचे नव्हते, घरचेही नव्हते. पण ते मागच्या माणसापर्यंत पोचले.

“दादा, तुमच्या म्हशीले सुई कवा लागली?”